तुम्ही विचारलंत म्हणून: मी नरकाची भीती का दाखवत नाही

"तुम्ही येशूबद्दल सांगता, मग लोकांना त्यांचं पाप का दाखवत नाही, नरकाचं का सांगत नाही?" हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तरुण पोरं विचारतात तेव्हा त्यात थोडा राग असतो, की हा माणूस गावाला घाबरतो म्हणून सत्य लपवतो. आणि गावातले विचारतात ते पारावर चहा पिता पिता, "काहून हो भाऊ, तुमच्या हिशोबानं आमी सारे नरकातच जानार ना? मंग सांगत काहून नाई?" दोघांना वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापूस, सोयाबीन आणि तूर. ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याएवढी, रविवारची उपासना कोणाच्या तरी ओसरीवरच होते. पण ख्रिस्ती माणूस आमच्या भागाला नवा नाही. युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे बायबल शिकवणारं कॉलेज, 1983 ला पुण्याला गेली, त्याच्याआधी ती यवतमाळलाच होती. वाशिमला मिशनचा दवाखाना आहे, परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना आहे. या दवाखान्यांबद्दल म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, त्यांना तिथलं एकही प्रवचन आठवत नाही, पण जखम कोणी धुतली, रात्री कोण उठून आलं, हे मात्र बरोबर सांगतात.

मला हे पक्कं कळलं ते एका मरणाच्या घरी. आमच्या जवळच्या गावात एका कास्तकारानं औषध घेतलं. कर्ज, बोंडअळी, पोरीचं लग्न, सगळं एकदमच. आमच्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत ते वेगळं सांगायला नको. आम्ही भेटायला गेलो तर बाहेरून आलेला एक प्रचारक तिथं आधीच बसलेला, आणि तो त्या बाईला समजावत होता की आत्महत्या हे मोठं पाप आहे, तो तर गेला पण तुम्ही तरी वाचा, आजच येशूला स्वीकारा. नवरा जाऊन चार दिवस झाले होते हो. ती काहीच बोलली नाही, पदर तोंडात धरून बसली होती, आणि तिचा दीर उठला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी आता चाला." तो बरोबरच बोलला.

येशूचा मित्र लाजर मेला तेव्हा येशू त्याच्या बहिणींकडे गेला होता. थोड्या वेळात आपण लाजरला मेलेल्यातून उठवणार आहोत हे त्याला माहीत होतं, तरी बायबलमधल्या योहानाच्या अकराव्या अध्यायात लिहिलंय की येशू रडला. ज्याच्या हातात उत्तर होतं तो आधी रडला, आणि आपण उत्तर घेऊन पळत जातो, रडायला आपल्याला वेळ नसतो. त्या बाईकडे आमच्या मंडळीतल्या बाया नंतर जात राहिल्या. वेचणीला हात लावला, पोरांच्या शाळेचं बघितलं, सरकारी मदतीच्या कागदांसाठी तहसीलला सोबत गेल्या. तिनं पुढं कधीतरी स्वतःच म्हटलं, माझ्यासाठी तुमची ती प्रार्थना करा. केली. ती आजही देव्हाऱ्यासमोर दिवा लावते आणि आमच्या बाया आजही तिच्याकडे जातात.

आता पोरांचा मुद्दा. ते म्हणतात येशू पण कडक बोलला ना. बोललाच. पण कोणाला ते बघा. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात "तुम्हाला हायहाय" म्हणतो ते शास्त्री आणि परूश्यांना, म्हणजे धर्म माहीत असलेल्यांना, जे लोकांच्या खांद्यावर जड ओझी टाकायचे आणि स्वतः बोटही लावायचे नाहीत. मंदिरात चौरंग उलथवले ते देवाच्या घरात धंदा मांडणाऱ्यांचे. ज्यांना गाव पापी म्हणायचं त्यांच्याशी तो असा कधी बोललाय ते मला दाखवा. जक्कय हा यरीहोचा जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसलेला. येशू खाली थांबला आणि म्हणाला, लवकर उतर, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. पैशाबद्दल एक शब्द नाही, पापाबद्दल नाही. आणि तो माणूस आपल्या तोंडानं म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. व्यभिचारात धरलेल्या बाईचंही तसंच, आधी "मीही तुला दंड ठरवत नाही" आणि मग "जा, यापुढे पाप करू नकोस". आमची पोरं दुसरं वाक्य घेतात आणि पहिलं सोडतात, पण पहिल्याशिवाय दुसरं कोणाला ऐकूच येत नाही.

कवी नारायण वामन टिळकांचंच घ्या, ते तर आपल्या नागपूरच्या बाजूलाच घडलं. 1893 मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं चालले होते, डब्यात एक गोरा माणूस भेटला. त्यानं यांच्या धर्माला नावं ठेवली नाहीत, आदरानं वागला, कवितेवर बोलला, आणि जाताना नवा करार, म्हणजे बायबलचा येशूबद्दलचा भाग, हातात दिला. टिळकांसारखा विद्वान ब्राह्मण, त्याला कोणी त्या डब्यात नरकाची भीती घातली असती तर त्यानं ते पुस्तक खिडकीतून फेकलं असतं असं मला वाटतं. त्यांनी वाचलं, त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं, आणि 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, मात्र 1900 मध्ये घेतला. मधली वर्षं त्या बाईनं काय सोसलं ते महाराष्ट्राला माहीत आहे, पण तिचा निर्णय तिनं स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या मनानं घेतला.

आणि पारावरच्या माझ्या भावांनो, तुमच्यासाठी. मी पाप मानतो, न्यायाचा दिवसही मानतो, खोटं बोलणार नाही. येशूशिवाय तारण नाही असाच माझा विश्वास आहे. पण कोण नरकात जाईल याची यादी देवानं माझ्याकडे दिलेली नाही. योहानाचं 3:16, देवानं जगावर प्रेम केलं म्हणून आपला पुत्र दिला हे वचन, आमच्यात सगळ्यांना पाठ असतं, पुढचं वचन कोणी वाचत नाही, की देवानं पुत्राला जगाचा न्याय करायला पाठवलं नाही, जगाचं तारण व्हावं म्हणून पाठवलं. जे काम त्यानं पुत्राला तेव्हा दिलं नाही ते मी कसं घेऊ?

पोळ्याला तुमचे बैल दारात येतात तेव्हा मी पूजा करत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, पण बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, देतो आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवतो, कारण वर्षभर राबलाय तो. 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यात माणसं गेली, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही डबे घेऊन बसायचो, तिथं डबा देताना कोणाला धर्म विचारला नाही आणि डब्यासोबत पत्रकही दिलं नाही. पत्रक दिलं असतं तर डब्याची किंमत लावल्यासारखं झालं असतं. संविधानाच्या कलम 25 नं मला माझ्या धर्माचा प्रसार करायचा हक्क दिलाय, पण कोणाला धर्मांतरित करायचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं 1977 लाच सांगितलंय. कोर्टानं सांगितलं नसतं तरी जबरदस्तीनं किंवा आमिषानं आलेला विश्वास देवाला काय कामाचा?

येशूचा शिष्य पेत्र बायबलमधल्या त्याच्या पहिल्या पत्रात लिहितो की तुमच्यातल्या आशेबद्दल जो कोणी विचारेल त्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं. म्हणजे समोरच्याला विचारावंसं वाटेल असं आधी जगावं लागतं, आणि विचारलं की गप्पही बसायचं नाही. कोणी विचारलं की मी बसून सगळं सांगतो, क्रूस, क्षमा, माझं स्वतःचं पाप, सगळं. नाही विचारलं तर तुरीच्या भावावर बोलतो. पोरांनो, उद्या कोणाच्या घरी जाणार असाल तर आधी विचारा की प्रार्थना केलेली चालेल का. नाही म्हणाले तर चहा प्या, तब्येतीचं विचारा आणि पुढच्या आठवड्यात परत जा.