तुम्ही विचारलंत म्हणून: यातला आवडता गेम कुठला?

आमच्या हॉलमध्ये एक शोकेस आहे. वरच्या खणात नवऱ्याच्या कॅरमच्या ढाली, खालच्या खणात माझे हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम. यंत्रं अकरा, कॅसेटी साठेक. (हल्ली 'कार्ट्रिज' म्हणतात. आमच्या वेळी ती कॅसेटच होती, आता या वयात कोण बदलणार.) पाहुणे आले की चहा उकळेपर्यंत कुणीतरी वाकून त्या खणात डोकावतंच आणि विचारतं, "यातला तुमचा सगळ्यात आवडता कुठला?" त्याच्या पाठोपाठ भाचा असला तर त्याचा प्रश्न: "आत्या, हे सगळं मोबाइलवर फुकट चालतं की. कशाला जपत बसतेस?"

पहिल्या प्रश्नाला मी बरीच वर्षं "टेट्रिस" म्हणून वेळ मारून नेली. ते सगळ्यांना पटतं, पुढे कुणी विचारत नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधताच पहिल्याचं उत्तर बदललं.

टेट्रिस खोटं नव्हतं. सहावीत असताना मामाने मार्लेश्वरच्या जत्रेतून ब्रिक गेम आणला होता. अंगावर '९९९९ इन १' छापलेलं. त्यातले वेगळे म्हणावे असे गेम दहा-बारा, बाकी सगळी वेग बदलून केलेली भरती. तरी पहिला आठवडा मी क्रमाने सगळे तपासत होते. विटा पडायच्या तो गेम म्हणजे टेट्रिस, तो अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी १९८४ साली मॉस्कोत केला, आणि निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या १९८९ च्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रामुळे तो घराघरात गेला, हे कळायला मला नोकरी लागावी लागली. पहिल्या दिवाळी बोनसमधून जुना गेम बॉय घेतला, चार पेन्सिल सेल घातले आणि खेळायला बसले, तर सारखी हरतेय. हात तेच, विटा त्याच. शेवटी पडद्यावर बोट ठेवून घरं मोजली. ब्रिक गेम दहा घरं रुंद आणि वीस उंच होता, गेम बॉयवर रुंदी दहाच पण उंची अठरा. दोन ओळी कमी! लांब दांडी येईल म्हणून कडेला खाच ठेवून वाट बघत बसायची माझी जत्रेतली सवय इथे परवडणारी नव्हती.

एक लाख गुण झाले की डाव संपल्यावर पडद्यावर एक रॉकेट उडतं. मला ते दिसायला चार महिने लागले. दिसलं तेव्हा मी बँकेतून परतताना एसटीत होते. आनंद कुणाला सांगावा म्हणून शेजारच्या आजोबांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "पेटलं वाटतं."

पण टेट्रिस कुठेही चालतो. मोबाइलवर, टीव्हीवर, ब्रिक गेमवर. भाच्याचं म्हणणं टेट्रिसच्या बाबतीत अगदी खरं आहे. म्हणून मी वेगळी चाळणी लावली: त्या यंत्रातून बाहेर काढला तर जो गेम मरतो, तो कुठला?

ही चाळणी लावली की पोकेमॉन मागे पडतो. लोकांना वाईट वाटतं, पण नाइलाज आहे. दोन गेम बॉय वायरीने जोडून प्राणी अदलाबदल करायचे, ही १९९६ सालची कल्पना फार सुंदर होती. पण त्याला शेजारी दुसरं पोर लागतं, तेही गेम बॉय असलेलं. रत्नागिरीत माझ्याशिवाय तसं कुणी माझ्या ओळखीत नव्हतं. मी दोन यंत्रं घेऊन स्वतःशीच अदलाबदल केलेली आहे. ते आठवलं की जरा कसंतरीच होतं.

निन्टेन्डो डीएस या यंत्रावरचा, झेल्डा मालिकेतला 'फँटम अवरग्लास' (२००७) मात्र चाळणीत राहतो, आणि तो एका कोड्यासाठी. डीएसला दोन पडदे, एक वर, एक खाली, मध्ये बिजागरी. गेममध्ये एके ठिकाणी वरच्या पडद्यावर एक चिन्ह दिसतं, खालच्या पडद्यावर समुद्राचा नकाशा, आणि सांगितलेलं असतं की हे चिन्ह नकाशावर दाबून उठव. मी दोन दिवस खालच्या पडद्यावर यंत्राबरोबर मिळणारी प्लॅस्टिकची काडी घासत होते. दाबून पाहिलं, गोल फिरवून पाहिलं, माइकमध्ये फुंकर मारली (या गेममध्ये फुंकरीनेही कामं होतात). तिसऱ्या दिवशी दारात गॅसवाला आला. मी झाकण मिटलं, पैसे दिले, सिलिंडर आत सरकवला, परत येऊन झाकण उघडलं. चिन्ह नकाशावर उमटलेलं! वरचा पडदा खालच्यावर टेकला, म्हणजे शिक्का बसला. किती साधं. स्टॅम्पपॅड आणि शिक्का यांच्यातच माझा दिवस जातो, आणि मला हे सुचलं नव्हतं. आता हा गेम बिजागरी नसलेल्या मोबाइलवर खेळा. कोडं सुटेल, पण ते मेनूतून सुटेल.

सोनीच्या पीएसपी या यंत्रावरचा 'पाटापॉन'ही असाच. डोळा हेच डोकं असलेल्या चिमुकल्या काळ्या सैनिकांची फौज, आणि आपण त्यांचे ढोलवाले. चौकोनाचं बटण म्हणजे 'पाटा', गोलाचं म्हणजे 'पॉन'. पाटा-पाटा-पाटा-पॉन वाजवलं की फौज पुढे सरकते, पॉन-पॉन-पाटा-पॉन वाजवलं की हल्ला करते. आपण चार ठोके द्यायचे, मग चार ठोके त्यांचे, पुन्हा चार आपले. ताल धरून राहिलं की फौजेच्या अंगात येतं, एक ठोका चुकला की उतरतं. शिमग्यात पालखी नाचवताना पाहिलेल्या कुणाही कोकण्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. भाच्याने मोबाइलवर, कानात ब्लूटूथ घालून खेळून पाहिला. आवाज केसभर उशिरा येतो. तेवढ्याने फौज जागची हलेना. "गेमच फालतू आहे," म्हणाला. म्हटलं, ढोल उशिरा ऐकणाऱ्याच्या खांद्यावर पालखी कोण देतं?

इथे गुनपेई योकोईंचं नाव घ्यायला हवं. माझ्या खणातल्या निम्म्या वस्तूंच्या मुळाशी हा माणूस आहे. १९६५ साली ते निन्टेन्डोत लागले ते पत्ते छापायच्या यंत्रांची देखभाल करायला. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना त्यांना दिसला, आणि त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' हे खिशात मावणारं गेमचं यंत्र आलं, असं सांगतात. तंत्र जुनं, स्वस्त झालेलं, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं घ्यावं आणि आधी कुणाला न सुचलेल्या कामाला लावावं, हे त्यांचं सूत्र. गेम बॉयचा पडदा म्हणूनच रंगीत नव्हता. सेगा या दुसऱ्या कंपनीचा गेम गिअर रंगीत होता, आतून उजळायचा, आणि सहा सेल तीन ते पाच तासांत संपवायचा. योकोई १९९७ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले. त्यांचा हात लागलेलं शेवटचं यंत्र, बान्दाइ कंपनीचं वंडरस्वान, १९९९ मध्ये आलं. त्याला एकच पेन्सिल सेल लागतो. त्यावरच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत रेघा जुळवायच्या एका गेमला त्यांच्याच नावावरून 'गुनपे' म्हणतात. पावसाळ्यात लाइट जातात तेव्हा मी हाच काढते, टॉर्चच्या उजेडात.

आता आवडता. 'बोक्ताय', २००३, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स. चोरपावलांनी चालायचे गेम करण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता त्या हिदेओ कोजिमांनी तो कोनामी कंपनीसाठी करवला. जँगो नावाच्या पोराकडे एक बंदूक आहे, ती उन्हावर चालते. म्हणजे गेममधल्या उन्हावर नाही, आपल्या. कॅसेटच्या डोक्यावर एक छोटा संवेदक आहे, तो खराखुरा सूर्यप्रकाश मोजतो, आणि पडद्यावरची पट्टी त्याप्रमाणे चढते-उतरते. बाहेर रात्र झाली की आतही रात्र. रक्तपिशाच्चाला नुसतं हरवून भागत नाही. त्याला शवपेटीत घालायचं, पेटी साखळीने ओढत बाहेर उघड्यावर आणायची, आणि मग ऊन देऊन त्याला शुद्ध करायचं. ऊन नसेल तर थांबायचं. मी ट्यूबलाइटखाली धरून पाहिलंय. पट्टी ढिम्म.

आणि माझं पार्सल आलं १४ जूनला. रत्नागिरीत. १४ जूनला.

पहिल्या पिशाच्चाची पेटी मी गच्चीच्या पत्र्याखाली उभी राहून, ढग फाटतील या आशेवर ओढत आणली आणि ती दसऱ्यापर्यंत तशीच पडून होती. मधल्या काळात कॅसेट वाचवणं हेच काम. इथली खारी, दमट हवा तांब्याला हिरवं करते. सेल काढून ठेवायचे, डब्यात औषधांच्या बाटल्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, महिन्यातून एकदा कानकाडी स्पिरिटमध्ये बुडवून कॅसेटचे दात पुसायचे. (तोंडाने फुंकर मारू नका. सगळ्यांनी लहानपणी मारली आहे, पण थुंकीनेच ते गंजतात.)

खरा बोक्ताय मी खेळले तो मे महिन्यात. गच्चीवर आमसुलं वाळत घातलेली, कावळे हाकलायला कुणीतरी बसायला हवं होतं. मी बसले, डोक्यावर पंचा, हातात यंत्र. त्या यंत्राच्या पडद्याला आतून दिवा नाही. घरात खेळताना खिडकी शोधावी लागते, उन्हात मात्र तो छापील चित्रासारखा लख्ख दिसतो. पट्टी काठोकाठ भरलेली. सासूबाई आमसुलांना रसाचं पूट द्यायला वर आल्या आणि बराच वेळ माझ्या खांद्यावरून बघत राहिल्या.

"ऊन लागतं त्याला?"

"हो."

"म्हणजे आमसुलांसारखंच," म्हणाल्या आणि कामाला लागल्या. आजवर हा गेम याहून कमी शब्दांत कुणाला समजलेला मी पाहिला नाही.

भाच्याने हाही मोबाइलवर उतरवला. तिथे उन्हासाठी बटण आहे. दाबलं की पट्टी वाढते, रात्री बारा वाजता, पांघरुणात. त्याने पहिलं पिशाच्च वीस मिनिटांत संपवलं. "बघ," म्हणाला. मी बघितलं. त्याला काही म्हणाले नाही, पण त्या दिवसापासून आवडता गेम कुठला हे मला पक्कं ठाऊक आहे.

या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली होती. मेअखेर दुसऱ्याची पेटी बाहेर ओढून आणली आणि त्याच दुपारी वळवाने आभाळ भरून आलं. आमसुलं आत, मी आत. आज श्रावण अर्धा सरलाय. सासूबाई काल माजघरातून हाक मारून विचारत होत्या, "तुझा तो पेटीतला गेला का गो?"

नाही, म्हटलं. ऊन कुठे आहे?