ईजीआरमधली काजळी बाटलीने जात नाही

डिझेल गाडी आणि रोजचा ठाण्याचा घोडबंदर रोड असं कॉम्बिनेशन असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह आज ना उद्या चोक होणार हे धरूनच चाला. कापूरबावडी ते कासारवडवली पहिला गिअर, दुसरा गिअर, परत पहिला, इंजिनाला मोकळं पळायला मिळतंय कुठे.

ईजीआर म्हणजे बाहेर निघालेला थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, त्याने आत ऑक्सिजन कमी होतो, जळतानाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. पण त्या धुरात काजळी असते, आणि ब्रीदरच्या पाइपातून इंजिन ऑइलची वाफ पण इनटेकमध्येच, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेतच येते, मग दोन्ही मिळून किचनच्या चिमणीच्या जाळीवर बसतो तसला चिकट थर, फक्त काळाकुट्ट. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पिकअप जातो, काळा धूर येतो, सिग्नलला गाडी थरथरते. माझ्याकडे चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी०४०१, म्हणजे ईजीआरचा फ्लो कमी.

एका गॅरेजवाल्याने आधी टाकीत ओतायची बाटली पुढे केली. अरे, डिझेल इंजेक्टरमधून थेट सिलिंडरमध्ये जातं, ईजीआरच्या वाटेला ते जातच नाही, तर तिथलं धुणार काय? मग म्हणे साहेब, प्लेट टाकून बंदच करून टाकू, कटकट गेली, पीयूसी पण पास होईल. होईलच, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा बघतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. पण ती हवा आपलीच पोरं घेणार ना. नको म्हटलं.

व्हॉल्व्ह खोलूनच साफ करावा लागतो, दुसऱ्या मेकॅनिककडे शेजारी उभा राहून करून घेतला. इंजिन थंड झाल्यावर काढला, कार्ब क्लीनर मारून भिजू दिला, मग जुना टूथब्रश, परत स्प्रे, असं काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू देऊ नका, व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटवर चरे पडले की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, आणि मोटरच्या भागात स्प्रे जाता कामा नये. गास्केट नवीनच टाका. शेवटी कोड क्लिअर, आणि गाडीला लागत असेल तर स्कॅनरने व्हॉल्व्हचं लर्निंग, म्हणजे व्हॉल्व्ह कुठे उघडतो-बंद होतो ते गाडीच्या कॉम्प्युटरला परत शिकवणं.

आणि ते चालू इंजिनाच्या इनटेकमध्ये स्प्रे मारायचे व्हिडिओ असतात ना, डिझेलवर ते अजिबात करू नका, स्प्रे स्वतःच इंधन म्हणून जळतो आणि इंजिन ॲक्सिलरेटरला न जुमानता रेस होऊ शकतं.

२०२० नंतरच्या बीएस६ डिझेलवाल्यांना बहुतेक डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर पण सांभाळायचाय, त्यातली काजळी जाळायला ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं, म्हणून अधूनमधून गाडी नाशिक हायवेला काढा, आणि रिजनरेशन, म्हणजे ही काजळी जाळणं, चालू असताना बिल्डिंग आली तर लगेच बंद न करता अजून एक चक्कर मारून या.