नानांची बाराबोर

गेल्या दिवाळीत जेवता जेवता नाना म्हणाले, "बाराबोर बंदूक आता आक्कीच्या नावावं करायची." दादाचा घास हातातच राहिला. आक्की म्हणजे मी. शेती मी बघते, दादा पुण्याला असतो. तरी बंदूक पोरीच्या नावावर हे त्याला पचायला दोन दिवस लागले.

नाना मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून घरी आले आणि १९८८ साली पीकसंरक्षणासाठी परवाना काढला. आमचं रान पाटण तालुक्यात, डोंगराच्या कडेला. भुईमूग भरायला लागला की रानडुकरं उतरतात. आजवर या बंदुकीनं एकही डुक्कर मारलेलं नाही. त्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि नाना नियमाचे पक्के. बंदूक माळ्यावर आहे, एवढ्यावरच त्यांची राखण चालायची.

मला वाटलं होतं, एक अर्ज दिला की झालं. नाना हसले. "आगं, बंदूक म्हंजी काय सातबारा हाय व्हय, नाव चढीवलं की झालं?"

खरंच तसं नसतं. बंदूक कुणाच्या नावावर होत नाही. घेणाऱ्याला स्वतःचा परवाना काढावा लागतो आणि मग त्या परवान्यावर ती बंदूक चढते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी वाट आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, की तो हयातीतच ती वारसाला देऊ शकतो. नाना ७४ चे, दोन्हींत बसत होते. माणूस गेल्यावरही वारसाला अर्ज करता येतो, पण तोवर बंदूक घरात ठेवता येत नाही. ठाण्यात नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. आमच्या भावकीत एकाची अशी ठाण्यात पडून गंजली. नानांना तेच नको होतं.

शेजारच्या वाडीतला एक जण "मला विका की" म्हणून येऊन गेला. त्याच्याकडे परवानाच नव्हता. असता तरी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागलं असतं. नानांनी त्याला चहा पाजून वाटेला लावला.

मग माझी धावपळ. ऑनलाइन अर्ज, दादाचं नाहरकत प्रतिज्ञापत्र, डॉक्टरांचा दाखला, बंदूक हाताळायला शिकल्याचा दाखला. चौकशीला आलेल्या हवालदारांनी बंदूक कुठल्या कपाटात ठेवणार ते उघडून बघितलं आणि विचारलं, "ताई, घरात भांडणं-बिंडणं?" मी म्हटलं, "बांधावरून. ती सगळ्यांचीच असतात."

खरं घोडं अडलं ते नंबरावर. ऑनलाइन नोंदीतला नंबर आणि बंदुकीवरचा नंबर जुळेना. शेवटचा आकडा तिथे नऊ, इथे एक. अर्ज परत आला. रात्री नानांनी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर नळी खाली पाडून, मांडीवर घेतली, नंबरावर रॉकेलचा बोळा फिरवला, मी मोबाइलची बॅटरी धरली. आकडा १ च होता, स्पष्ट. मग जुनी परवान्याची वही काढली आणि उलगडा झाला. १९८८ च्या कारकुनानं शाईनं, वळणदार मराठीत १ लिहिला होता. पुढे कॉम्प्युटरवर चढवताना कुणीतरी तो इंग्रजी नऊ वाचला. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दर निवडणुकीला नाना गोणपाटात गुंडाळून बंदूक ठाण्यात जमा करत आले, पावतीवर दरवेळी नऊ. त्या एका आकड्यापायी माझे साताऱ्याला चार हेलपाटे झाले. नाना मात्र खुशीत. "अक्षर बघ कसं हाय," म्हणून वही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

परवाना आला, पाच वर्षांचा. त्या संध्याकाळी नानांनी सदरा वर केला. कपाटाची किल्ली त्यांच्या करदोट्याला असायची, आंघोळीलाही निघायची नाही. गाठ इतकी घट्ट बसलेली की त्यांच्या नखांना सुटेना, माझ्याही सुटेना. शेवटी आईनं विळी आणली.

आता बंदूक मोडली की मी शेजारी बसते, कारण परवाना माझा. तेल मात्र तेच घालतात. मी घातलेलं त्यांना पटत नाही.