वैद्य, व्यापारी आणि आमचा फेरफार रिपोर्ट

जानेवारी 2025 मध्ये आमच्या ट्रस्टच्या आप्पांचा फोन आला, संध्याकाळी ये आणि लॅपटॉप घेऊन ये. लॅपटॉप घेऊन ये म्हटल्यावरच मला कळायला हवं होतं की काम आपल्या गळ्यात पडणार आहे, पण मी आपला बडोद्याच्या मकरपुऱ्याहून कंपनीतून सुटलो तसा सरळ दांडिया बाजारात गेलो.

आमचा ट्रस्ट म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. मागच्या गल्लीत एक दोन मजली वाडा, वरती 22 मुलांचं वसतिगृह, खाली ऑफिस म्हणायची एक खोली, त्यात सयाजीरावांचा फोटो आणि कधीही नीट बंद न होणारं गोदरेजचं कपाट. मुलं बाहेरगावची, बहुतेक एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकणारी. माझे बाबा तिथे बरीच वर्षं ट्रस्टी होते, ते 2017 ला गेले, आणि माझा संबंध म्हणजे गणपतीत वर्गणी आणि प्रिंटर बिघडला की फोन, एवढाच.

त्या दिवशी आमच्या सीए ताई आल्या होत्या. त्यांनी सांगितलं ते असं, की 2021 मध्ये इन्कम टॅक्सने सगळ्या ट्रस्टना 12ए (ट्रस्टच्या उत्पन्नाला करमाफी) आणि 80जी (देणगी देणाऱ्याला करसवलत) नव्याने घ्यायला लावलं होतं, ते पाच वर्षांचं होतं, म्हणजे 31 मार्च 2026 ला संपतंय, आणि संपायच्या सहा महिने आधी फॉर्म 10एबी भरायचा असतो, म्हणजे 30 सप्टेंबर 2025 च्या आत. त्यात ट्रस्टींची यादी द्यायची, पॅन-आधारसकट. मग म्हणाल्या, चॅरिटी कमिशनरच्या रजिस्टरवर जी नावं आहेत तीच यादीत हवीत हं, काढा पीटीआरची, म्हणजे त्या पब्लिक ट्रस्ट रजिस्टरची नकल.

नकल काढली. पाच नावं. त्यातले दोघं देवाघरी, एक पुण्याला मुलीकडे जाऊन राहिलेले, आणि उरले आप्पा, वय 84, वकील, आणि शिक्षिका बाई, वय 79. गेलेल्या दोघांमधलं एक नाव माझ्या बाबांचं होतं. सरकारी कागदावर बाबा आठ वर्षं व्यवस्थित ट्रस्टी होते, धंधोच्या, म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' असं लिहिलेलं, पत्ता आमचा जुनाच रावपुऱ्याचा. दुसरे काका 2020 ला गेले. दोन्ही वेळा मीटिंगमध्ये श्रद्धांजलीचा ठराव झाला, चहा झाला आणि रिपोर्ट द्यायचं सगळेच विसरले. कायदा म्हणतो की ट्रस्टी बदलला की 90 दिवसांत फेरफार रिपोर्ट देऊन कळवा, कलम 22, आपला तोच 1950 चा मुंबईचा कायदा ज्याचं नाव गुजरातने 2011 मध्ये गुजरात पब्लिक ट्रस्ट ॲक्ट केलं.

बरं, नवीन माणसं घ्यायची तर घ्या, त्यात काय एवढं, असं मला वाटलं. तेव्हा आप्पांनी कपाटातून मूळ विश्वस्तपत्र काढलं. 1953 चं, मराठीत. बडोदं संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात गेलं, गुजरात व्हायला अजून सात वर्षं होती, त्यामुळे तेव्हाच्या लोकांनी सरळ मराठीत लिहून टाकलेलं. आप्पांनी चष्मा पुसून वाचून दाखवलं, विश्वस्त पाचांपेक्षा कमी व सातांपेक्षा जास्त नसावेत, व 'त्यांत निदान एक वकील, एक शिक्षक, एक वैद्य व एक व्यापारी असावा'.

आधी आम्ही हसलो. मग शांतपणे विचार केला तर वाटलं, ज्याने हे लिहिलं त्याला काय डोकं होतं. वाड्याच्या भानगडी निस्तरायला वकील, मुलं निवडायला शिक्षक, पोरं तापाने फणफणली तर वैद्य, आणि धान्य-तेल घ्यायचं तर भाव कळणारा माणूस. गंमत म्हणजे बाबा यातले कुणीच नव्हते, ते पाचवे, 'इतर' म्हणा हवं तर, आणि रात्री अकराला पाण्याची मोटर बंद झाली की हाक त्यांनाच यायची. ते रकान्यात कुठे येत नाही.

लोकांच्या सूचना मात्र वेगळ्याच. कोणी म्हणे एखाद्या नेत्याला घ्या, कोणी म्हणे तो अमुक कारखानदार आपला नातेवाईकच लागतो, लेटरहेडवर नाव शोभेल. आप्पा एकच वाक्य बोलले, नाव मोठं घेतलं की कोरम होत नाही. विषय संपला.

वकील आप्पा स्वतः होते. शिक्षक तर बडोद्याच्या मराठी माणसांत हात लावाल तिथे मिळेल. निवृत्त बँकेतले काका तयार झाले, मोतीसारखं अक्षर आणि पासबुकातली पाच रुपयांची चूक शोधणारे. वैद्य म्हणून आम्ही सयाजी हॉस्पिटलमधून रिटायर झालेल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. अडलं ते व्यापाऱ्यावर. बडोद्यात मराठी माणूस म्हणजे संस्थानाची नोकरी, मग सरकारी नोकरी, मग कंपनीची नोकरी. कारकून पाहिजे तेवढे, पण गल्ला सांभाळणारा शोधायला आम्ही अख्खा फेब्रुवारी घालवला. आणि तो मिळाला कुठे, तर वाड्यासमोरच. समोरच्या मावशी गेली वीसेक वर्षं मेतकूट, गोडा मसाला, भाजणी करून विकतात, तीन बायका हाताखाली, माल अमेरिकेपर्यंत पोरांच्या बॅगांतून जातो. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "अरे मी कसली व्यापारी, मी तर घरी बसून मसाले करते." मी म्हटलं मावशी, तुमच्याकडे खाद्यपदार्थ विकायचं ते एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन आहे ना, तेवढं पुरे, तुम्ही व्यापारी. त्यावर त्यांनी विचारलं, मीटिंगला पैसे मिळतात का? नाही म्हटलं. चहा? तो मिळतो. मग ठीक आहे म्हणाल्या.

सीए ताईंनाच ट्रस्टी करून टाकू म्हणजे सगळं एका जागी, अशीही एक आयडिया निघाली होती, ती त्यांनीच मोडली. ट्रस्टी झाले तर मला तुमचं ऑडिट करता येणार नाही, आणि ऑडिट करायचं तर ट्रस्टी होता येणार नाही, यातलं काय पाहिजे ते बोला. आम्हाला ऑडिट पाहिजे होतं.

मग त्यांनी प्रत्येकाला खोलीत बसवून एक प्रश्न विचारला, तुमचं कोणी नात्यातलं ट्रस्टशी पैशाचा व्यवहार करतं का. सगळे नाही नाही म्हणाले. बँकेतले काका पण नाही म्हणाले, आणि मग दारापर्यंत जाऊन परत आले, की गच्चीचं वॉटरप्रूफिंग भाच्याने केलं होतं, पण भाचा म्हणजे काय नातं झालं का? झालं ना. तेव्हाच्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम 13 मध्ये ट्रस्टीची नातेवाईक मंडळी येत, त्यात भावा-बहिणीची मुलंही येत. करायला मनाई नाही म्हणाल्या, पण बाजारभावापेक्षा जास्त पैसे गेले तर सूट जाईल, म्हणून तीन कोटेशन, आणि ज्याचा नातेवाईक तो त्या ठरावाला बसणार नाही, आणि हे मिनिट बुकात लिहायचं. काका दोन दिवस फुगले होते. मग स्वतःच मिनिट बुकात ते सगळं त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून आले.

आता कागद. हे थोडक्यात सांगतो, कारण लिहिता लिहिता परत डोकं दुखायला लागेल. दोन मृत्यू, एक राजीनामा आणि नवीन नेमणुका मिळून आमचे चार फेरफार झाले, आणि वकिलांचं म्हणणं की क्रमाने जायचं, जुने आधी, कारण रजिस्टरवर बाबा जिवंत असताना त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवणार कसं. जुन्या दोघांसाठी मृत्यूचे दाखले आणि उशीर माफ करा असा वेगळा अर्ज. पुण्याच्या काकांचा राजीनामा कुरिअरने मागवला, पहिल्यांदा त्यांनी तारीखच घातली नाही, परत पाठवला. नव्यांचं प्रत्येकी संमतीपत्र, सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) ई-स्टँपवर, फोटो, आधार, पॅन. मीटिंगची नोटीस, ती सगळ्यांना मिळाली याच्या सह्या, ठरावाची नकल. मावशींचं पॅन माहेरच्या नावाचं निघालं आणि आधार सासरच्या, त्यात तीन आठवडे. बँकेतल्या काकांच्या आधारवर गुजराती पद्धतीने आडनाव आधी आणि पॅनवर शेवटी, ते मात्र निभावलं.

आणि विश्वस्तपत्र मराठीत म्हणून त्याचं गुजराती भाषांतर लावायचं. ते एका दुकानात टाइप करून आणलं, आम्ही नीट वाचलंही नाही. चॅरिटी कमिशनरच्या ऑफिसात टेबलावरच्या भाईंनी मात्र वाचलं, बोट ठेवून, ओळ न ओळ. मग आमच्याकडे बघून म्हणाले, "आमां वैद्य कोण?" मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. "आ तो एमबीबीएस छे." बरोबर आहे. गुजरातीत वैद्य म्हटलं की तो आयुर्वेदाचाच, काढे-चूर्णवाला, आणि भाषांतरवाल्याने वैद्यचं वैद्यच ठेवलेलं. मी उभ्या उभ्या बोलायला लागलो की मराठीत जुन्या काळी असं सरसकट म्हणायचे, आमच्याकडे अजूनही वैद्यकीय कॉलेजच म्हणतात, पण माझं गुजराती उत्साहात आलं की मराठीच होऊन जातं. माणूस वाईट नव्हता, खरं तर सगळ्या प्रकरणात पूर्ण डीड वाचणारा तो पहिलाच माणूस. तोच म्हणाला, भाई, मूळ शब्दाचा तेव्हाचा अर्थ काय ते आधी बघा, मग भाषांतर दुरुस्त करून आणा.

रात्री आप्पा त्या डीडला घेऊन बसले. सातव्या कलमात सापडलं, 'वैद्याने वर्षातून दोनदा मुलांची प्रकृती तपासून देवी टोचल्याची खात्री करावी.' म्हणजे देवीची लस टोचणारा, म्हणजे डॉक्टर! आप्पांना इतका आनंद झाला की एवढा आनंद मी त्यांना केस जिंकल्यावरही झालेला पाहिला नसेल. भाषांतरात 'तबीब' घातलं, गुजराती पेपरात डॉक्टरला तेच लिहितात, सोबत सातव्या कलमाचा हवाला, आणि ते चाललं.

चारही रिपोर्टवर पोच मिळाली तेव्हा ऑगस्ट संपत आला होता. 10एबी आम्ही 24 सप्टेंबरला अपलोड केला, पोच जोडून, नवरात्रात, बाहेर गरब्याचा आवाज आणि आत ओटीपी आप्पांच्या फोनवर, आणि आप्पांचा फोन घरी चार्जिंगला. एक चांगली गोष्ट कळली ती ही की 1 एप्रिल 2025 पासून ज्या ट्रस्टचं उत्पन्न आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत आहे त्यांना पाचऐवजी दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळू शकतं. आमचं उत्पन्न पाच कोटींच्या किती आत आहे हे सांगायला मला लाज वाटते. दिवाळीनंतर अहमदाबादहून नोटीस आली, कामाचा तपशील द्या, नातेवाईकांशी झालेले व्यवहार द्या. वॉटरप्रूफिंगचं पान तसंच्या तसं स्कॅन करून लावलं.

या सगळ्यात एक दिवस सांगायचा राहिला. जुलैमध्ये नव्या मंडळींना हिशोब कळावा म्हणून आम्ही मेसची बिलं टेबलावर ठेवली होती. डॉक्टरांनी मुलांचे रक्तगट विचारले, जे कुणाकडेच नव्हते. बँकेतले काका बेरजा तपासत होते, बेरजा बरोबर होत्या. मावशी मात्र चष्मा वर करून एकाच कागदाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "हे तेलाचे डबे किती रे, सहा?" पंधरा किलोचे सहा, महिन्याला. "आणि पोरं बावीस?" हो. "माझ्याकडे रोज भाजणी-चकली तळून एवढं लागत नाही, यांना दोन डबे पुरे झाले." खोलीत एकदम शांतता. ती बिलं दोन वर्षं ऑडिटला जात होती, बेरीज बरोबर, सही बरोबर, शिक्का बरोबर. आम्ही सगळे शिकलेले लोक होतो, पण बावीस पोरांना तेल किती लागतं ते आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. कंत्राटदार बदलला, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

डिसेंबरमध्ये पीटीआरची नवी नकल हातात आली. बाबांचं नाव नव्हतं. ते बघायला मी तयार आहे असं मला वाटलं होतं, नव्हतो, मी ती नकल घडी घालून खिशात ठेवली आणि न्यायमंदिराजवळ एकटाच सेव-उसळ खाऊन मग वाड्यावर गेलो. मावशींना त्यांची ओळ दाखवली. नाम, सरनामुं, उंमर, आणि धंधोच्या खाली एकच शब्द, वेपार. त्यांनी तीनदा वाचलं, पुण्याच्या मुलाला फोटो पाठवायला लावला, आणि मग नकल माझ्याकडे परत देत म्हणाल्या, "बरं, नोव्हेंबरचं तेलाचं बिल आलं का?"