मुक्काम कोणत्या स्वरावर?

मारवा, पुरिया आणि सोहनी या तीन रागांचे स्वर एकच आहेत. ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, बाकीचे शुद्ध आणि पंचम तिन्हींत वर्ज्य. तरीही मुरलेला श्रोता पहिल्या दोन-तीन आलापांतच राग ओळखतो, कारण मारव्यात ऋषभ-धैवतावर भर असतो, पुरियात गंधार-निषादावर असतो आणि तो राग मंद्र (खालच्या) सप्तकात खुलतो, तर सोहनी तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, आसपास वावरते. मैफली आणि राजकारण-अर्थकारणावरची पुस्तके या दोन्हींची परीक्षणे मी अनेक वर्षे लिहितो आहे, आणि दोन्हीकडे मला पहिला प्रश्न हाच पडतो, की हाताशी असलेल्या स्वरांपैकी किंवा आकड्यांपैकी मुक्काम नेमका कशावर केला आहे?

अलीकडेच एका तरुण गायिकेचा मारवा ऐकला. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात तिने षड्ज इतका राखून ठेवला होता, की मंद्र निषादावरून ऋषभावर येऊन ती थांबली की पुढे षड्ज लागेल या अपेक्षेने ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागे, आणि ती मात्र षड्ज ओलांडून पुन्हा मंद्र धैवताकडे वळे. मारव्यातली ही अस्वस्थता उस्ताद अमीर खाँ यांच्या झुमरा तालातल्या ध्वनिमुद्रणात ज्यांनी अनुभवली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. द्रुतात, म्हणजे जलद लयीत, मात्र ती गंधारावर वारंवार विसावू लागली. ताना स्वच्छ होत्या, लय पक्की होती, टाळ्याही भरपूर पडल्या. पण राग पुरियाकडे झुकला होता. एकही वर्ज्य स्वर लागला नसताना ही तक्रार कोणत्या शब्दांत मांडावी, हे मला बराच वेळ सुचत नव्हते.

पुस्तकांच्या बाबतीत हीच गोष्ट एका गाजलेल्या निबंधामुळे माझ्या मनात पक्की झाली. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये असे मांडले, की सरकारी कर्ज देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ९० टक्क्यांवर गेले की प्रगत देशांचा सरासरी वाढीचा दर उणे ०.१ टक्क्यावर येतो. थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह २०१३ मध्ये तेच आकडे पुन्हा मांडले, तेव्हा उत्तर २.२ टक्के आले. एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटल्याची चूक सगळ्यांच्या लक्षात राहिली. मला मात्र भारांकनाचा, म्हणजे सरासरीत कोणत्या देशाला किती वजन द्यायचे याचा, मुद्दा अधिक मोलाचा वाटतो. ब्रिटनची जास्त कर्जाची १९ वर्षे आणि त्या काळातली सरासरी २.४ टक्के वाढ एकीकडे, तर न्यूझीलंडचे १९५१ हे एकच वर्ष, ज्यात दर उणे साडेसात टक्क्यांच्याही खाली होता, दुसरीकडे. आणि सरासरीत दोघांचे वजन सारखेच. लेखकांनी एक्सेलमधली चूक मान्य केली, पण भारांकनाच्या पद्धतीचे त्यांनी समर्थन केले, आणि प्रत्येक देश हा एक स्वतंत्र अनुभव मानावा या भूमिकेला अगदीच आधार नाही असे मलाही म्हणता येणार नाही. परंतु ज्या परीक्षणात वाचकाला हे वजन दाखवून दिले जात नाही, ते निष्कर्षाची केवळ री ओढते. म्हणून अर्थशास्त्रावरचे कोणतेही पुस्तक हाती आले की मी आधी परिशिष्टे आणि तक्त्यांखालच्या टिपा वाचतो, आणि लेखकाच्या भाषाशैलीकडे त्यानंतर वळतो.

त्या मारव्याचे ध्वनिमुद्रण मिळवून मी पुन्हा दोनदा ऐकले. दुसऱ्यांदा ऐकताना वही घेऊन द्रुतातले गंधारावरचे मुक्काम मोजले, आणि ते ऋषभ-धैवतावरच्या मुक्कामांपेक्षा बरेच जास्त भरले. तेव्हा ‘राग हरवला’ हे आधीचे वाक्य खोडून ‘द्रुतात गंधारावर वारंवार मुक्काम झाला’ असे लिहिले, आणि त्याच्याआधी तिच्या विलंबितातल्या ऋषभाविषयी एक संपूर्ण परिच्छेद वाढवला.