माझे मॅक्रो तुमच्या संगणकावर: तुम्ही विचारलेत म्हणून

संहिता तपासून परत पाठवली की उत्तरासोबत एक प्रश्न हमखास येतो. ‘दुःख’मधला विसर्ग, ‘दऱ्या’मधला अर्धा र, शब्दांमधल्या जास्तीच्या मोकळ्या जागा हे सगळे तुम्ही वर्डमधल्या मॅक्रोने, म्हणजे एकदा साठवून हव्या तेव्हा चालवता येणाऱ्या आज्ञांच्या संचाने, काही क्षणांत नीट करता, तर ते मॅक्रो आमच्या संगणकावर कसे घ्यायचे? विचारणारे बहुतेक जण अक्षरजुळणी किंवा मुद्रितशोधन करणारे असतात आणि त्यांची पुढची विनंतीही ठरलेली असते: ‘तुमची नॉर्मलची फाइल तेवढी पाठवून द्या.’ ती फाइल मी कोणालाही पाठवत नाही. त्याऐवजी काय पाठवतो आणि ते तसे का, हे एकदा सविस्तर लिहायचे होते.

वर्डमध्ये मॅक्रो नोंदवला आणि वेगळे काही सांगितले नाही, तर तो ‘नॉर्मल’ या मूळ टेम्प्लेटमध्ये, म्हणजे नव्या फाइली जिच्यावरून तयार होतात त्या साच्याच्या फाइलीत, ‘न्यूमॅक्रोज’ नावाच्या मॉड्यूलमध्ये (मॅक्रोंच्या कप्प्यात) जाऊन बसतो. ही टेम्प्लेट ॲपडेटा नावाच्या फोल्डरच्या पोटात असते आणि विंडोज तो फोल्डर सहसा दाखवत नाही, त्यामुळे ‘डॉक्युमेंट्स’ची प्रत नेमाने पेनड्राइव्हवर घेणाऱ्या माणसाचेही मॅक्रो त्या प्रतीत येत नाहीत. शिवाय नॉर्मलमध्ये नुसते मॅक्रो नसतात. नवी फाइल कोणत्या टंकात उघडावी, समास किती असावेत, परिच्छेदांच्या शैली कशा असाव्यात आणि कळफलकावरच्या कोणत्या कळांनी काय व्हावे, हेही तिच्यातच असते. माझी नॉर्मल तुमच्या नॉर्मलच्या जागी ठेवली, तर तुम्ही इतक्या वर्षांत बसवलेली घडी एका झटक्यात पुसली जाईल.

आणखी एक धोका मी स्वतः अनुभवला आहे. वर्ड बिघडला की पहिला उपाय म्हणून नॉर्मलचे नाव बदलण्याचा किंवा ती काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, कारण वर्ड पुन्हा सुरू होताना नवी, कोरी नॉर्मल तयार करतो. माझा संगणक दुरुस्तीहून परत आला तेव्हा वर्ड उत्तम चालत होता आणि मॅक्रोंच्या यादीत एकही नाव नव्हते. दुरुस्ती करणाऱ्याने चूक केली असे मी म्हणणार नाही. त्या फाइलीत दोन वर्षांचे काम आहे, हे त्याला बाहेरून कळण्याचा काही मार्गच नव्हता.

मॅक्रोंमधून पसरणाऱ्या विषाणूंचा इतिहासही इथे आठवावा. मार्च १९९९मध्ये ‘मेलिसा’ हा विषाणू वर्डच्या फाइलीतून जगभर पसरला. तो आउटलुकच्या पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या पन्नास नोंदींना स्वतःची प्रत पाठवत असे आणि संगणकावरच्या नॉर्मल टेम्प्लेटमध्ये शिरून पुढच्या फाइलींनाही लागण करत असे. दुसऱ्याची नॉर्मल डोळे झाकून आपल्याकडे घेणे ही सवय म्हणूनच चांगली नाही.

मात्र मला माझी पद्धत बदलायला लावले ते विसर्गाच्या मॅक्रोने. मराठी टंकलेखनात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टाकण्याची चूक फार आढळते. ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘स्वत:ला’ असे शब्द दिसायला ठीक वाटतात, पण संगणकाच्या लेखी तिथे शब्द तुटलेला असतो. शोधताना तो सापडत नाही, वर्णानुक्रम लावताना भलतीकडे जातो आणि कधी कधी ओळीच्या शेवटी मधूनच फुटतो. माझा मॅक्रो प्रत्येक अपूर्णविरामापाशी थांबून त्याच्या आधीचे आणि नंतरचे चिन्ह तपासत असे. दोन्हींचे युनिकोड क्रमांक (संगणकावर प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरवून दिलेले क्रमांक) २३०४ ते २४३१ या देवनागरीच्या पट्ट्यात असतील, तर अपूर्णविराम काढून तिथे २३०७ क्रमांकाचे चिन्ह, म्हणजे खरा विसर्ग, बसवत असे. शब्दाच्या शेवटी आलेल्या अपूर्णविरामाला हा नियम लागू पडत नाही, कारण ‘स्वत:’ आणि ‘ते म्हणाले:’ यांतला फरक यंत्राला कळत नाही. त्यासाठी स्वतः, पुनः, प्रायः, विशेषतः, अंशतः अशा शब्दांची वेगळी यादी करावी लागते.

या नियमात एक खोट होती. देवनागरी अंकही त्याच पट्ट्यात येतात. शून्याचा क्रमांक २४०६ आणि नवाचा २४१५. त्यामुळे ‘सकाळी १०:३०’ या वेळेतला अपूर्णविरामही विसर्ग होऊन बसत असे. ते लक्षात आल्यावर अंक वगळणारी ओळ मी कार्यालयातल्या संगणकावर घातली आणि विषय संपला असे मानले. घरच्या लॅपटॉपवरची प्रत मात्र तशीच जुनी राहिली. पुढे एका स्मरणिकेचे काम घाईत घरी पूर्ण केले आणि तिच्यातल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक वेळेच्या मधोमध विसर्ग गेला. छापलेल्या पानावर अपूर्णविराम आणि विसर्ग यांत फरक इतका थोडा दिसतो की शेवटच्या वाचनातही तो कोणाच्या नजरेला आला नाही. माझी चूक मला आधीच सापडली होती आणि मी ती दुरुस्तही केली होती, तरीही ती छापली गेली, याचे मला आजही वाईट वाटते. एकाच मॅक्रोच्या दोन प्रती दोन नॉर्मलमध्ये नांदत होत्या, हे त्याचे खरे कारण होते.

तेव्हापासून माझे सगळे मॅक्रो एका स्वतंत्र टेम्प्लेटमध्ये असतात. मॅक्रो ठेवता येणाऱ्या टेम्प्लेटचा विस्तार ‘डॉटएम’ असतो. साध्या ‘डॉकएक्स’ फाइलीत मॅक्रो राहतच नाहीत. ही टेम्प्लेट वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवली की वर्ड सुरू होताना ती आपोआप जोडली जाते आणि तिच्यातले मॅक्रो उघडलेल्या प्रत्येक फाइलीवर चालतात. विंडोजवर हा फोल्डर ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप या क्रमाने सापडतो. तुमच्या नॉर्मलला यात कुठेही हात लागत नाही, आणि नको झाले की ती एक फाइल उचलून टाकली म्हणजे झाले.

मूळ प्रत एकाच ठिकाणी असते आणि दुरुस्ती फक्त तिच्यातच होते. बाकी सर्व संगणकांवर तिची नक्कल जाते. स्टार्टअपमधून जोडलेल्या टेम्प्लेटचा कोड, म्हणजे मॅक्रोंच्या लिहिलेल्या आज्ञा, मॅक्रो संपादकात उघडत नाही, ही सुरुवातीला अडचण वाटते, पण मला ती सोयच वाटू लागली आहे, कारण घाईघाईने नकलेत बदल करण्याचा मोह त्यामुळे होत नाही. मूळ प्रत उघडताना वर्डच्या ‘ओपन’मधून उघडावी, तिच्यावर दोनदा टिचकी मारली तर तिच्यावर आधारलेली नवीच फाइल तयार होते. फाइलीचे नाव मी कधीही बदलत नाही. नावात तारीख घातली की जुनी आणि नवी अशा दोन्ही प्रती स्टार्टअपमध्ये राहतात आणि वर्ड त्या दोन्ही जोडून घेतो. तारीख आत, कोडमध्ये असते आणि ती दाखवणारा एक छोटा मॅक्रो असतो. काम सुरू करण्याआधी तो एकदा चालवला की कोणती प्रत हाताशी आहे ते कळते.

मराठीत काम करणाऱ्यांची म्हणून एक अडचण आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शनात ती सहसा भेटत नाही. वर्डचा मॅक्रो संपादक अजूनही युनिकोड जाणत नाही. त्यात ‘र’ लिहायला गेलात तर प्रश्नचिन्ह उमटते, म्हणून प्रत्येक अक्षर क्रमांकाने लिहावे लागते. अर्ध्या ‘र’चे उदाहरण घ्या. ‘दऱ्या’ हा शब्द २३५३ क्रमांकाच्या ‘ऱ’ला हलन्त जोडूनही लिहिता येतो आणि नेहमीच्या ‘र’ला हलन्त व ८२०५ क्रमांकाचे अदृश्य जोडचिन्ह लावूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडेलच असे नाही. मी सगळे पहिल्या प्रकारात आणतो. अशा दोन-चार बदलांपुरते क्रमांक चालतात, मात्र जुन्या टंकांमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा असेल, तर जुने चिन्ह आणि त्याच्या जागी यायचे युनिकोड अक्षर अशा शेकडो जोड्या लागतात आणि क्रमांकांचे ते जंगल कोणालाच वाचता येत नाही. म्हणून जोड्यांची यादी मी कोडमध्ये न ठेवता एका साध्या वर्ड फाइलीत, दोन रकान्यांच्या कोष्टकात ठेवतो. मॅक्रो ती फाइल पडद्यामागे उघडतो, वाचतो आणि बंद करतो. कोडचे एक अक्षरही न कळणारा सहकारी त्या यादीत भर घालू शकतो, आणि वाटून घेण्याजोगे खरे धन त्या यादीतच आहे.

कळांच्या जोडण्या टेम्प्लेटबरोबर जाव्यात असे वाटत असेल, तर त्या ठरवताना ‘बदल कुठे साठवायचे’ या रकान्यात नॉर्मलऐवजी ही टेम्प्लेट निवडावी लागते. नुसते मॉड्यूल ‘बास’ फाइल म्हणून बाहेर काढून पाठवले, तर त्यात कोड जातो, कळा जात नाहीत. स्वयंसुधारणेच्या नोंदींचे घर तर आणखी वेगळे असते, त्या या मार्गाने येणार नाहीत.

माझी फाइल आली की आधी ती वाचा. २०२२पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो वर्ड मुळातच अडवून धरतो, आणि ते योग्यच आहे. मॅक्रोंचा कोड साध्या पाठ्यरूपातही मी सोबत देतो, तो स्वतः पाहावा किंवा जाणकाराला दाखवावा आणि मगच फाइलीच्या गुणधर्मांत जाऊन अटकाव काढावा. कार्यालयाचा संगणक असेल तर तिथल्या जबाबदार माणसाला विचारल्याशिवाय हे करू नये.

यापूर्वी माझा एखादा मॅक्रो तुम्ही नॉर्मलमध्ये चिकटवला असेल, तर नवी टेम्प्लेट ठेवण्याआधी तो तिथून काढा. एकाच नावाचे दोन मॅक्रो असले तर वर्ड नॉर्मलमधला आधी चालवतो, आणि तुमच्याकडे नवी फाइल असूनही काम जुन्याच मॅक्रोने होत राहते. ऑल्ट आणि एफ८ दाबून उघडणाऱ्या खिडकीतल्या ‘ऑर्गनायझर’मध्ये नॉर्मलमधली मॉड्यूल दिसतात, तिथूनच ती काढता येतात. मॅकवर स्टार्टअप फोल्डर निराळ्या ठिकाणी असतो, म्हणून फाइल मागताना तुमचा वर्ड विंडोजवर आहे की मॅकवर, एवढे मात्र कळवा.