आमची वाटचाल : कँडलपासून डायलिसिसच्या पाण्यापर्यंत

फोंड्यात आमचं दुकान घरगुती फिल्टरच्या कँडल विकत सुरू झालं. पुढे डायलिसिसचं पाणी शुद्ध करणारे प्लांट हॉस्पिटलांत बसवू लागलो, नाव झालं, वर्षं गेली. सांगायचं आहे ते एका पावसाळ्याचं.

बाहेरून आलेल्या एका कंपनीने आमच्या निम्म्या दरात प्लांट द्यायला सुरुवात केली. पाण्याचा जडपणा घालवणारा सॉफ्टनर, क्लोरीन काढणारी एकच कार्बन टाकी, आरओ आणि वर चकचकीत पॅनेल. प्रात्यक्षिक म्हणजे टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवायचा. मीटरला क्षार कळतात. जिवाणू, त्यांचं विष म्हणजे एंडोटॉक्सिन, क्लोरीनचं संयुग क्लोरामाइन, यांचा त्याला पत्ता नसतो. मॅनेजर लोकांना आकडा आवडला. एकेक करून एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची कंत्राटं, गेली. चवथीच्या तोंडावर पोरांचे पगार भागवायला गाडी विकली. वर बाजारात चर्चा, की आम्ही कार्बनच्या दोन टाक्या लावतो त्या बिल फुगवायला!

अहो, मिनिटाला 500 मिलीच्या हिशेबाने चार तासांत 120 लिटर पाणी पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये फक्त एक पातळ पडदा. पावसात नदी गढूळली की क्लोरीनचा डोस वाढतो. त्यातून होणारं क्लोरामाइन आरओच्या मेंब्रेनलाही जुमानत नाही आणि तांबड्या पेशी फोडतं. म्हणून पहिली टाकी दमली तर दुसरी, आणि दोन्हींच्या मध्ये सॅम्पलचा नळ.

म्हापशातल्या एका छोट्या युनिटचे डॉक्टर तेवढे आम्हाला धरून राहिले. त्यांचे टेक्निशियन भाऊ पहिल्या शिफ्टआधी मधल्या नळाचं पाणी कुपीत घेत. क्लोरीन तपासायची डीपीडीची एक नंबरची गोळी विरघळली, रंग नाही, म्हणजे मोकळं क्लोरीन नाही. क्लोरामाइनही दाखवणारी तीन नंबरची टाकली आणि एका सकाळी गुलाबी झाक आली. लगेच फोन, ‘‘शेठ, पहिला कार्बन गेला.’’ दुसऱ्या टाकीनंतरच्या पाण्यात एकूण क्लोरीन लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आत होतं, मशिनं चालू राहिली. त्याच पावसात एका टाकीवाल्या ठिकाणाहून आम्हाला बोलावणं आलं. तिथे शिफ्ट रद्द करावी लागली होती.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. लूपमध्ये, म्हणजे मशिनांना पाणी पोचवणाऱ्या पाइपच्या फेऱ्यात, पाणी साचेल असा फाटा ठेवू नका. जिवाणूंचं सॅम्पल प्लांटच्या तोंडाशी नको, लूपच्या शेवटी घ्या. मर्यादा मिलीला जिवाणूंच्या 100 वसाहतींची असली तरी 50 दिसले की निर्जंतुकीकरणाला लागा.

त्या कंपनीच्या पत्रकात आता दोन कार्बन टाक्या छापलेल्या असतात. आणि तेव्हा आम्हाला सोडून गेलेल्या एका हॉस्पिटलकडून सॉफ्टनरच्या रेझिनच्या बिलाचे पैसे अजून यायचे आहेत.